गती, स्थिती आणि खाडीवरचा पूल

सायंकाळी मुंबईच्या कापडबाजारातील दुकाने बंद होतात, रोजमेळ लिहून होतो आणि मशीद स्थानकाच्या जिन्यावर व्यापाऱ्यांची व गुमास्त्यांची गर्दी दाटते. चौविहार पाळणारे कित्येकजण सूर्यास्तापूर्वीच पेढीवर डबा उरकून निघालेले असतात. कोणाला ठाण्याला उतरायचे असते, कोणाला डोंबिवलीला, कोणाला कल्याणला. डब्यात बाजारभावाच्या गोष्टी निघतात, अडकलेल्या उधारीच्या निघतात, पर्युषणातील व्याख्यानांच्याही निघतात. ठाणे येते, डबा थोडा मोकळा होतो आणि गाडी पुन्हा हलते. फलाट मागे पडतो आणि थोड्याच वेळात चाकांचा सूर बदलतो. दोन्ही बाजूंची जमीन नाहीशी होते. खाली खाडीचे काळसर पाणी, कडेला तिवरांची झुडपे, समोर पारसिकचा डोंगर. खारट चिखलाचा वास खिडकीतून आत शिरतो. मग कळव्याच्या बाजूची जमीन पुन्हा चाकांखाली येते. एवढ्या वेळात बोलणाऱ्यांपैकी कोणाचेही वाक्य तुटलेले नसते.

प्रवाशाला पुलाची जाणीवही होऊ नये, हेच पुलाचे काम. परंतु त्या थोडक्या वेळात त्या पुलाने काय काय सोसलेले असते, हे समजून घेण्यासारखे आहे.

दीडशेहून अधिक वर्षांची वाट

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, तीन इंजिने आणि निघताना एकवीस तोफांची सलामी. हे वर्णन शाळकरी मुलांनाही पाठ असते. या रेल्वेच्या उभारणीसाठी खटपट करणाऱ्यांत नाना शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासारखे व्यापारी अग्रभागी होते, हेही ठाऊक असते. त्यामानाने त्यापुढची पायरी कमी लोकांच्या स्मरणात आहे. ठाण्यापर्यंत रूळ घालणे हे बहुतांशी सपाट जमिनीवरचे काम होते. ठाण्याच्या पुढे मात्र खाडी आडवी आली. तिच्यावर पूल बांधल्याशिवाय कल्याणला, आणि कल्याणशिवाय घाटावर, नाशिक-खानदेशात किंवा पुण्याकडे जाणे शक्य नव्हते. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्या देखरेखीखाली दगडी कमानींचे काम उभे राहिले आणि १ मे १८५४ रोजी कल्याणपर्यंतचा मार्ग खुला झाला. ज्या कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने कान्हेरीच्या लेण्यांतील प्राचीन शिलालेखांत नोंदलेली आहेत, त्या बंदराला आता पाण्याऐवजी लोखंडाची वाट मिळाली.

त्या काळच्या गाड्या हलक्या होत्या. ब्रेक असे ते इंजिनाच्या मागच्या टेंडरवर आणि गार्डच्या डब्यात, आणि तेही हाताने चाक फिरवून आवळायचे. गाडी हळूहळू वेग घेई आणि दूरवरूनच वेग आवरत येई. पुढे प्रत्येक डब्याच्या चाकांना एकाच वेळी लागणारे ब्रेक आले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत विजेची गाडी सुरू झाली आणि नंतर वीज कल्याणपर्यंत व घाटापर्यंत पोहोचली. विजेची लोकल फलाटावरून झटक्यात सुटते आणि झटक्यात थांबते. त्याशिवाय एकामागून एक इतक्या गाड्या सोडताच येणार नाहीत. १९१६ मध्ये पारसिकचा बोगदा झाला, २०२२ मध्ये ठाणे ते दिवा हे पाचवे-सहावे मार्ग खुले झाले, बारा आणि पंधरा डब्यांच्या गाड्या धावू लागल्या. या प्रत्येक सोयीचा एक खर्च होता, आणि तो पुलांच्या खात्यावर पडत गेला.

न दिसणारे ओझे

पूल म्हटला की तो ओझे पेलतो, एवढेच मनात येते. गाडीचे वजन वरून खाली येते, खांबांतून पायात आणि पायातून खडकात जाते. हे ओझे डोळ्यांना पटते. परंतु रेल्वेच्या पुलावर आणखी एक जोर येतो. तो वरून खाली येत नाही. रुळांच्या लांबीच्या दिशेने, आडवा येतो. अभियंते त्याला अनुदैर्घ्य बल म्हणतात. गाडी वेग घेते तेव्हा तो निर्माण होतो आणि गाडी वेग आवरते तेव्हाही.

खाडीकाठच्या माणसाला हा जोर होडीवरून सहज कळेल. होडीतून धक्क्यावर उडी मारणारा माणूस पुढे जातो आणि त्याच क्षणी होडी मागे सरकते. उलट, धक्क्यावरून धावत येऊन होडीत उतरणारा माणूस स्वतः थांबतो आणि होडीला पुढे लोटतो. गाडीचेही तसेच आहे. पुढे जाण्यासाठी इंजिनाचे चाक रुळाला मागे रेटते. थांबण्यासाठी ब्रेक लागलेले चाक रुळाला पुढे ओढते. जमिनीवर हा रेटा खडी आणि भराव मुकाट्याने गिळून टाकतात. पुलावर तो घेणारे कोणीतरी उभे करावे लागते.

हा रेटा किती असतो, याचा हिशोब व्यापाऱ्याच्या पाटीवरही मांडता येतो. समजा, प्रवाशांनी भरलेल्या एका लोकलचे एकूण वजन ८०० टन आहे. ती ताशी ७२ किलोमीटर वेगाने येत आहे आणि २५ सेकंदांत थांबायची आहे. म्हणजे दर सेकंदाला तिचा वेग सेकंदाला ०.८ मीटरने कमी व्हायला हवा. असे थांबण्यास तिला २५० मीटर लागतील आणि त्या सर्व वेळात ती रुळांना सुमारे ६५ टनांच्या जोराने पुढे ओढत राहील. गाडी पुलापेक्षा लांब असेल तर हा सगळा जोर एकट्या पुलावर येत नाही. २५० मीटरांच्या गाडीखाली ६० मीटरांचा पूल असेल, तर त्याच्या वाट्याला सुमारे चौथा हिस्सा, म्हणजे १५-१६ टन येतात.

गाडी ओढणाऱ्या इंजिनाची रीत वेगळी. मालगाड्यांना लागणारे डब्ल्यूएजी-९ जातीचे विजेचे इंजिन जेमतेम २० मीटर लांब असते, परंतु गाडी हलवताना ते सुमारे ४६ टनांचा जोर लावू शकते. तो सारा जोर त्या २० मीटरांतच रुळावर पडतो. म्हणून २० मीटरांच्या लहान पुलाला लोकलच्या ब्रेकपेक्षा मालगाडीच्या इंजिनाची ओढ कितीतरी जड जाते. लांब पुलावर मात्र गाडीचे जितके अधिक डबे एकाच वेळी ब्रेक लावतात तितका रेटा वाढत जातो आणि ब्रेकचा जोर ओढीच्या पुढे जातो. लहान पुलाला निघणे भारी, मोठ्या पुलाला थांबणे भारी, असा हा न्याय आहे.

या जोराला निसर्गाने एक मर्यादाही घातली आहे. पोलादी चाक पोलादी रुळाला जेवढे धरू शकते, तेवढाच जोर पुलापर्यंत पोहोचतो. त्याहून अधिक ओढ लावली तर चाक जागच्या जागी फिरते. अधिक ब्रेक लावला तर चाक घसरते. पावसाळ्यात ओल्या रुळांवर ही पकड आणखी कमी होते. घसरणाऱ्या चाकांखाली वाळू सोडण्याची इंजिनातील सोय त्यासाठीच असते.

ठाण्याकडे रेटणाऱ्या दोन गाड्या

ठाण्याच्या खाडीवरील पुलांचे वेगळेपण त्यांच्या जागेत आहे. ते दोन स्थानकांच्या मध्ये, ठाण्याच्या फलाटांना लागूनच म्हणावेत असे आहेत. ठाण्याहून सुटलेली डाऊन गाडी पुलावर येते तेव्हा ती वेग घेत असते. कळव्याहून येणारी अप गाडी पुलावर येते तेव्हा ती ठाण्याला थांबण्यासाठी वेग आवरत असते.

आता या दोन गाड्या पुलावर एकमेकींना भेटल्या असे समजावे. डाऊन गाडी कळव्याकडे निघाली आहे. तिची चाके रुळांना मागे, म्हणजे ठाण्याकडे रेटतात. अप गाडी ठाण्याकडे येत आहे. ब्रेक लागलेली तिची चाके रुळांना पुढे, म्हणजे पुन्हा ठाण्याकडेच ओढतात. गाड्या परस्परविरुद्ध दिशांना जात असतात, पण त्यांचे जोर एकमेकांना खोडून काढत नाहीत. त्यांची बेरीज होते. जिथे अप आणि डाऊन दोन्ही मार्ग एकाच खांबांवर टेकलेले असतात, तिथे पूल आखणाऱ्याला ही बेरीज गृहीत धरावीच लागते. एकाची जमा ही दुसऱ्याची नावे होईल, असे समजून चालणारा अभियंता आणि तसे समजून चालणारा व्यापारी, दोघेही फसतात.

आजच्या लोकलमध्ये ब्रेक लावताना मोटारीच जनित्र बनतात आणि गतीतून निर्माण झालेली वीज वरच्या तारेत परत जाते. ही बचत खरी आहे. पण पुलाला तिचा काही दिलासा नाही. ऊर्जा तारेत परतली तरी जोर रुळांतच उतरतो.

एक टोक बांधलेले, एक मोकळे

हा जोर रुळातून स्लीपरमध्ये, तिथून गर्डरमध्ये, गर्डरमधून तो ज्यावर टेकतो त्या बेअरिंगमध्ये, पुढे खांबात आणि शेवटी पायात जातो. खतावणीत जशी प्रत्येक रक्कम कोणाच्या तरी नावे पडलीच पाहिजे, तशी इथे कोणतीही रक्कम मध्येच नाहीशी होत नाही.

त्यातच उन्हाची एक अडचण असते. ३० मीटर लांबीचा पोलादी गर्डर तापमानातील ३० अंशांच्या फरकाने सुमारे एक सेंटीमीटर लांबतो. दोन्ही टोके घट्ट बांधली तर तो फुगताना खांबच लोटू लागेल. म्हणून साध्या गर्डरचे एक टोक पक्के ठेवतात आणि दुसरे सरकू देतात. याचा परिणाम असा की गाडीचा आडवा जोर मुख्यतः पक्क्या टोकाखालच्या खांबाला घ्यावा लागतो. खांब जितका उंच, तितकी त्याची परीक्षा कठीण. दहा मीटर उंच खांबाच्या माथ्यावर आलेला रेटा त्याच्या तळाला उलथवू पाहतो; खुंटा उपटताना माणूस तो माथ्याशी धरूनच हलवतो. जुन्या दगडी पुलांनी हा प्रश्न आपल्या जाडीने आणि वजनाने सोडवला होता. अखंड जोडलेले आजचे लांब रूळही मदत करतात. ते काही जोर पुलापलीकडच्या भरावात घेऊन जातात.

खरा धोका हळू येतो. खाडीची हवा खारी असते. सरकते टोक गंजले, त्यात धूळ-चिखल साचून ते जाम झाले, तर ज्या खांबाच्या हिशोबात आडवा जोर धरलेला नव्हता त्याच्यावरही तो येऊ लागतो. बाहेरून काहीच दिसत नाही. गाड्या वेळेवर धावत राहतात, आणि कुठेतरी दगडी सांध्यात केसाएवढी भेग जन्म घेते. म्हणूनच पूल-निरीक्षक बेअरिंगपाशी उतरून पाहतो, ग्रीस बदलले जाते, पुलाच्या खांबावर रंगवलेल्या धोक्याच्या पातळीच्या खुणा पावसाळ्यापूर्वी ताज्या केल्या जातात. कीमन रोज आपल्या वाट्याचा मार्ग पायी तुडवतो, नजर खाली, हातात हातोडा आणि पाना. ईर्यासमितीचे नाव त्याने कदाचित ऐकलेही नसेल. पण पाऊल टाकण्यापूर्वी पाहावे आणि पाहिल्यावाचून पाऊल टाकू नये, हेच त्याचे रोजचे काम असते.

कल्याणच्या पुढे

गाडी दिवा, कोपर मागे टाकून डोंबिवलीला येते, पुढे ठाकुर्ली. विद्युतीकरणाच्या पर्वात इथल्या चोळे वीजकेंद्राने गाड्यांना ओढण्याची शक्ती पुरवली. ते केंद्र आता बंद आहे. कल्याणला मार्ग दुभंगतो. एक शाखा कर्जतमार्गे बोरघाटाकडे, दुसरी कसाऱ्यामार्गे थळघाटाकडे. दोन्ही घाटांत ३७ मीटर जावे तेव्हा एक मीटर चढावे, असा उभा चढ आहे. चढताना मागून बँकर इंजिने रेटतात, उतरताना ब्रेक सतत आवळलेले असतात. ठाण्याच्या पुलाला जे मिनिटभर सोसावे लागते, ते घाटातील पुलांना गाडी अंगावर असेपर्यंत सोसावे लागते.

कसाऱ्याच्या शाखेवर शहाडपुढे उल्हास, पुढे काळू आणि खडवलीला भातसा अशा नद्या लागतात. इथेच मे २०२२ मध्ये घडलेली एक घटना प्रत्येक यात्रेकरू कुटुंबाने लक्षात ठेवावी अशी आहे. मुंबईहून छपऱ्याकडे निघालेल्या गोदान एक्सप्रेसमध्ये टिटवाळा आणि खडवली यांच्या दरम्यान कोणीतरी आपत्कालीन साखळी ओढली. गाडी थांबली ती काळू नदीच्या पुलावर.

साखळी ओढणे म्हणजे चालकाला नुसती सूचना देणे नव्हे. गाडीभर पसरलेल्या ब्रेकच्या नळीतील हवा त्यामुळे बाहेर पडते आणि ब्रेक लागतात. ज्या डब्यातील साखळी ओढली, त्या डब्यापाशी जाऊन झडप पूर्ववत केल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही. जमिनीवर हे काम रुळांच्या कडेने चालत जाऊन होते. पुलावर कडेला चालायला जमीनच नसते. त्या दिवशी सहायक लोको पायलट नदीवरच्या त्या पुलावर गाडीखालून सरपटत गेला, झडप बसवली आणि गाडी मार्गस्थ झाली. वर डब्यांत शेकडो माणसे आपापल्या जागी बसून होती.

अशा थांबण्याने पूल कोसळत नाही. आखणाऱ्याने ते गृहीत धरलेले असते. परंतु न थांबण्याच्या जागी थांबणे आणि तिथूनच पूर्ण ओढ लावून पुन्हा निघणे, हे दोन्ही जोर त्याला विनाकारण सोसावे लागतात. त्याहून मोठे भय माणसांचे. रात्रीच्या वेळी स्थानक आले असे समजून एखादा दार उघडून पाऊल खाली टाकतो, आणि खाली फलाट नसतो.

शिखरजीच्या यात्रेला निघालेले संघ कल्याणला गाडीत चढतात. थांबा काही मिनिटांचा, सामान पुष्कळ, बरोबर वृद्ध माणसे आणि लहान मुले. एखादी पिशवी किंवा एखादा नातलग फलाटावरच राहिला असे कळते आणि हात साखळीकडे जातो. तोवर गाडीने वेग घेतलेला असतो आणि नदी फार दूर राहिलेली नसते. योग्य कारणाविना साखळी ओढणाऱ्यास रेल्वे कायद्याच्या १४१ व्या कलमान्वये एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पण दंडाच्या रकमेत त्या सहायकाच्या जिवाची किंमत धरलेली नाही. अर्धा तास आधी स्थानकावर पोहोचणे, डब्याचा क्रमांक पाहून ठेवणे आणि सामान मोजून चढवणे, एवढ्यानेच ही हिंसा टळू शकते.

जो चालवत नाही आणि थांबवतही नाही

ठाण्याच्या टेंभी नाक्यावर मुनिसुव्रतस्वामींचे देरासर आहे. कोकण शत्रुंजय म्हणून त्याची ख्याती आहे आणि श्रीपाल-मयणासुंदरीच्या कथेमुळे ठाणे नगरी जैन घराघरांत परिचित आहे. तिथे दर्शन घेऊन स्थानकाकडे निघालेल्या श्रावकाला तत्त्वार्थसूत्रातील द्रव्यविचार आठवावा, असे हे पुलाचे प्रकरण आहे.

जैन दर्शनाने षड्द्रव्यांत गतीला सहायक असे धर्मद्रव्य आणि स्थितीला सहायक असे अधर्मद्रव्य मानले. पाणी माशाला ढकलत नाही, पण पाण्यावाचून मासा पोहू शकत नाही. सावली वाटसरूला ओढून बसवत नाही, पण थांबू इच्छिणाऱ्याला ती आधार देते. इथे धर्म आणि अधर्म म्हणजे पुण्य-पाप नव्हेत. चालणे आणि थांबणे या दोहोंना लागणारे उदासीन साहाय्य होय. ते द्रव्य निराळे आणि खाडीवरचा दगड-पोलाद निराळे. धर्मद्रव्याला झीज नाही, पुलाला आहे. तरीही पुलाकडे पाहताना हा विचार जवळचा वाटतो. पूल गाडीला चालवत नाही, थांबवतही नाही. जी निघते तिला निघू देतो, जी थांबते तिला थांबू देतो, आणि दोघींचा रेटा स्वतःकडे घेतो.

ज्याला झीज आहे त्याची काळजी कोणीतरी घ्यावी लागते. आषाढात चातुर्मास सुरू होतो, साधुसाध्वींचा विहार थांबतो आणि एका जागी राहून ज्ञानसाधना चालते. त्याच दिवसांत, उल्हास आणि काळू दुथडी भरून वाहत असताना, रेल्वेचे पहारेकरी भर पावसात कंदील आणि विजेरी घेऊन रुळांवरून चालत असतात. पाणी धोक्याच्या खुणेला लागले की गाड्या रोखल्या जातात. तेव्हा फलाटावर खोळंबलेल्या गर्दीत चिडचिड होते, पेढी उघडायला उशीर होतो, दिवसाची विक्री बुडते. ते नुकसान खरे असते. पण थांबवलेली गाडी हाही त्या पुलाच्या सांभाळाचाच एक भाग आहे.

पाणी ओसरते, सिग्नल मिळतो. गाडी ठाणे सोडते, चाकांचा सूर बदलतो, खारा वास येतो आणि जातो. डब्यातील गोष्ट जिथे होती तिथूनच पुढे चालू राहते.